नात्यातलं रक्त

पिंपरी, ९ नोव्हेंबर २०२५

आण्णा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. तीर्थरूप म्हणायचं आणि तीन वर्षं उंबऱ्याला पाय लावायचा नाही, हे माझं मलाच बरं दिसेना. म्हणून नुसतं आण्णा. फोन तुम्ही उचलत नाही, तेव्हा पत्र. पिंपरीहून तळवड्याला बस अर्ध्या तासात पोचते, पत्राला तीन दिवस लागतील, लागू देत. आलेला कागद न वाचता ठेवणं तुम्हाला जमत नाही. तुम्ही वीजबिलसुद्धा पाठीमागची बारीक अक्षरं धरून वाचता.

मुद्द्याचं आधी सांगते. तुम्हाला नातू आहे. सुमेध नाव. पाच महिन्यांचा झालाय, कपाळ थेट तुमचं, आणि रागही. त्याच्या हृदयाच्या मधल्या पडद्याला छिद्र आहे. दूध पिताना दमतो, घामाघूम होतो, अंगाला काही लागत नाही. औषधांवर निभावेल असं वाटलं होतं, निभावलं नाही. दोन डिसेंबरला ऑपरेशन आहे. आईला सगळं माहीत आहे. तिच्यावर आवाज चढवू नका, तिला मीच शपथ घातली होती.

मी तुमच्याकडे काही मागत नाहीये. कळवायचं काम माझं, ते केलं.

आता पान उरलंय तर एक जुनं उत्तर देऊन टाकते. "तू पुण्याला जाऊन दिवसभर नक्की करतीस तरी काय गं?" असं तुम्ही किती वेळा विचारलंत, आणि मी दर वेळी "पेशींचा अभ्यास" म्हणून वाटेला लावलं. खरं तर तुम्हालाच सांगायला हवं होतं, कारण घरात उगाच प्रश्न विचारणारे तुम्ही एकटेच.

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयावर पांघरूण घातल्यासारखी एक मऊ ग्रंथी असते. थायमस तिचं नाव. शाळेच्या पुस्तकात तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात, कारण वयात आलो की ती झिजायला लागते. तुमच्या छातीत आता तिच्या जागी बहुतेक चरबीच असेल. सुमेधच्या वयात मात्र ती ऐन भरात असते. एवढ्या लहान मुलाचं हृदय उघडायचं तर ती वाटेत येते, म्हणून सर्जन तिचा काही भाग कापून काढतात. आईबापांनी परवानगी दिली तर तो तुकडा बर्फात घालून आमच्या प्रयोगशाळेत येतो. सहा वर्षं मी असे तुकडे हाताळतेय. प्रत्येक तुकड्यामागे बाहेर बाकड्यावर बसलेली एक आई असणार, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि आपण बाकड्यावर बसणं यात फार अंतर आहे.

त्या ग्रंथीत काय चालतं ते ऐका. शरीराच्या राखणीच्या पेशी हाडांतल्या मगजात जन्मतात आणि शिकायला थायमसमध्ये येतात. प्रत्येकीच्या अंगावर हुकासारखा एक आकडा असतो, कुणाला पकडायचं ते त्या आकड्यावर ठरतं. पण हे आकडे अंदाधुंद तयार होतात, त्यामुळे कित्येकींचे आकडे आपल्याच अंगाला जाऊन अडकणारे निघतात. मग ती ग्रंथी एक अचाट गोष्ट करते. इन्सुलिन, जे पोटातल्या स्वादुपिंडात बनतं. डोळ्याच्या पडद्यातला पदार्थ. गळ्याच्या ग्रंथीतला पदार्थ. ज्यांचा छातीशी काडीचा संबंध नाही अशा हजारो गोष्टी ती स्वतः थोड्याथोड्या बनवते आणि त्या पेशींपुढे धरते. हे सगळं आपलं आहे, ओळखून ठेवा. जी पेशी त्यातल्या कशाला कडकडून पकडते, तिला तिथंच मरायचा हुकूम होतो. शंभर आत गेल्या तर दोनचार जिवंत बाहेर पडतात.

हे मला पहिल्यांदा नीट कळलं त्या दिवशी मी जिन्यात जाऊन बसले होते. आपल्या अंगात जन्मापासून एवढी निवड चालते, आणि आपण म्हणतो बाळ नुसतं झोपतंय! आत्ताही माझ्या मांडीवर एक बाळ नुसतं झोपलंय.

तुमची,
तेजस्विनी

*

पिंपरी, १७ नोव्हेंबर २०२५

आण्णा,

तुमच्या लेकाचा, जयदीपचा मेसेज आला. जसाच्या तसा उतरवते: "ताई, आण्णा इचारत्यात, आपल्याच मानसावर धावून जानाऱ्या समद्याच पेशी मारून टाकत्यात का? एकबी सुधरत न्हाई व्हय?"

नातवाची चौकशी नाही, पेशींची आहे! धन्य आहे तुमची. मी हसले, मग रडले. माझ्या सासूबाई, कस्तुराबाई, घाबरून हातातलं काम टाकून आल्या. त्यांना मेसेज वाचून दाखवला तर म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना उत्तर दे पहिलं. विचारणाऱ्याला ताटकळत ठेवू नये." म्हणून लगेच बसले.

तुम्ही जे विचारलंत ना, तेच माझं काम आहे. अगदी तेच. इतक्या वर्षांत आमच्या चर्चासत्रांमधेही कुणी इतक्या थोडक्यात विचारलं नसेल.

सगळ्या मरत नाहीत. आपल्याच अंगाला पकडणाऱ्या पेशींपैकी काहींचं नशीब वेगळं निघतं. त्या बाहेर पडतात आणि आयुष्यभर एकच काम करतात, इतर पेशी आपल्या माणसावर धावून जायला लागल्या की त्यांना आवरणं. त्यांना नियंत्रक पेशी म्हणतात. आपल्या सोन्या बैलानं दोघांना शिंगावर घेतलं होतं तरी तुम्ही त्याला विकला नाहीत, आणि पुढे बिथरलेल्या खोंडाशेजारी त्यालाच जुंपायचात, म्हणजे खोंड गुमान चालायचं. साधारण तसं. आपल्या माणसाला सर्वात घट्ट ओळखणारीच त्याची सर्वात चांगली राखण करते, फक्त तिचा राग तेवढा वळावा लागतो.

तो वळतो कसा, तर निरोपांनी. पेशी एकमेकींना रेणूंचे निरोप धाडतात. आपल्या अंगाचा तुकडा पकडला, हा पहिला निरोप. तेवढ्यानं ती मरणाच्या दारात जाते. पण त्याच वेळी तिच्या अंगावर एक नवा कान फुटतो, फक्त एका रेणूसाठी. इंटरल्युकिन-टू त्याचं नाव. तो त्या वेळात पोचला तर तिच्या आत एक जनुक जागं होतं आणि ती नियंत्रक बनते. नाही पोचला तर संपली. पेशी तीच, चूकही तीच, फक्त दुसरा निरोप वेळेवर आला की नाही एवढाच फरक.

आणि तो रेणू सोडतं कोण, माहीत आहे? उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की तो बराचसा तिथल्या शेजारणीच सोडतात, ज्यांनी स्वतःही आपल्याच अंगाला पकडलेलं असतं. म्हणजे ज्यांचं स्वतःचं काही खरं नाही, त्यांच्याकडून दुसरीला जगवणारा निरोप येतो. वर तो इतका थोडा असतो की त्यासाठी झोंबाझोंबी चालते. माणसाच्या थायमसमध्ये तो किती लागतो, किती वेळ लागतो, हे मी मोजते. आण्णा, मी देवाधर्मातली बाई नाही, तुम्ही नेहमी त्यावरून बोलता. पण सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी हिरव्या उजळलेल्या दिसतात तेव्हा माझे हात आपोआप जोडले जातात, कुणाला ते मला सांगता येणार नाही.

या पेशी तयारच झाल्या नाहीत तर? असे मुलगे जन्माला येतात. त्यांचं शरीर त्यांचंच आतडं, त्यांचीच कातडी खायला लागतं. यंदाचं नोबेल याच पेशींच्या शोधाला मिळालं. बातमी आली तेव्हा मी सुमेधला चमच्यानं औषध पाजत होते, त्यानं ते सगळं माझ्या अंगावर उडवलं.

वजन पाच किलोला टेकलंय. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते.

तेजस्विनी

*

पिंपरी, २४ नोव्हेंबर २०२५

आण्णा,

हे पत्र लिहिण्याआधी तीनदा हात धुतले, प्रयोगशाळेची सवय. आणि तरी सुरुवात कशी करावी ते कळत नाहीये.

हॉस्पिटलनं ताजं रक्त लागेल म्हणून सांगितलं, बी पॉझिटिव्ह. माझ्या नवऱ्याच्या, समाधानच्या चाकणच्या कंपनीतली, त्याच्या शिफ्टची पोरं तयार झाली. विक्की म्हणून त्याचा मित्र आहे, त्यानं सगळ्यांना गोळा केलं. हे मी आईला फोनवर सांगितलं, आईनं तुम्हाला सांगितलं, आणि परवा जयदीपचा मेसेज आला. "आण्णा म्हनाले, कुना ऐऱ्यागैऱ्याचं रक्त घालायचं न्हाई. नातू आपला हाय, रक्त आपलंच जाईल. शनवारी मी, आण्णा आन भावकीतली धा पोरं येतोय."

नातू आपला हाय. हे मी समाधानला वाचून दाखवलं, सासूबाईंना वाचून दाखवलं, मग सुमेधला वाचून दाखवलं. तीन वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते आलं. आणि ते आलं तेव्हाच मला कळलं की मला नाही म्हणावं लागणार आहे.

आण्णा, तुमचं रक्त त्याला चालणार नाही. जयदीपचं नाही, भावकीतल्या कुणाचंच नाही. गट जुळतो, तरी नाही. रागावून कागद टाकू नका, शेवटपर्यंत वाचा.

रक्ताच्या पिशवीत देणाऱ्याच्या राखणीच्या पेशीही जातात. परक्याच्या असल्या तर बाळाचं शरीर त्यांना ओळखतं आणि निकालात काढतं. काम संपलं. घोळ होतो तो नात्यातल्या रक्ताचा. आपल्या घरात पिढ्यान्पिढ्या मामाच्या मुली करत आलो. तुमची आई तुमच्या वडिलांच्या मामाची मुलगी. तुम्हीही मामाचीच मुलगी केलीत, म्हणून तर आईचं माहेर आणि आजीचं माहेर एकच. त्यामुळे पेशींवर जी ओळखीची खूण असते, ती तुमच्याकडे आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून एकच आलेली असू शकते. तीच खूण माझ्यातून सुमेधमध्ये अर्धी गेली असेल. तुमच्या पेशी त्याच्या अंगात शिरल्या की त्याचं शरीर म्हणेल, या तर आपल्याच, आणि वाट देईल. पण तुमच्या पेशी त्याच्याकडे बघतील तेव्हा त्यांना त्याचा दुसरा अर्धा भाग दिसेल. समाधानचा. तो त्यांना परका वाटेल, आणि त्या त्याच्यावर तुटून पडतील.

असं क्वचित होतं. पण झालं तर मूल हाती लागत नाही. रक्ताला किरण देऊन त्या पेशी निकामी करता येतात, पण ते यंत्र इथं नाही, आणि मला इथं जुगार खेळायचा नाही.

तुम्हाला काय वाटेल ते मला माहीत आहे. माझ्या लग्नाच्या वेळी ओसरीवर उभं राहून तुम्ही म्हणालात, "आमच्या रक्तात असलं मिसळायचं न्हाई." आणि आता मी म्हणतेय, तुमचं रक्त नको. तुम्हाला वाटेल पोरीनं उट्टं काढलं. आईची शपथ, नाही काढलं. उट्टं काढायचं असतं तर एवढी पानं खर्ची घातली नसती, एका ओळीत काढलं असतं. माझी जीभ तुम्हाला ठाऊक आहे.

समाधान म्हणाला, "कशाला सांगतेस? देऊ दे त्यांना. रक्तपेढीवाले ती पिशवी दुसऱ्या पेशंटला लावतील. ते खुशीत घरी जातील, नातवाच्या अंगात आपलं रक्त आहे म्हणून. सगळ्यांचंच बरं होईल." सरळ मनाचा आहे तो, तुमच्यासाठीच म्हणत होता. दोन दिवस मलाही तेच बरं वाटत होतं. पण तुम्ही आता कुठे त्याला आपलं म्हणालात. त्या पहिल्याच दिवशी मी तुम्हाला फसवलं, तर पुढचं सगळं त्या फसवणुकीवर उभं राहील. आणि तुम्ही कधी ना कधी विचारालच, तुम्ही विचारल्याशिवाय राहत नाही.

पेढीत प्रत्येकाला विचारतात, पेशंटचे कोण लागता. त्यावर सगळं ठरतं.

या, किंवा येऊ नका. आलात तर मला जग जिंकल्यासारखं होईल. नाही आलात तर समजून घेईन असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. नाही आलात तर मी समजून घेणार नाही.

तेजस्विनी

*

पिंपरी, ६ डिसेंबर २०२५

आण्णा,

सुमेध बरा आहे. हे आधी.

छिद्र बुजवलं. पाच तास लागले. काल श्वासाची नळी काढली आणि आज त्यानं पहिल्यांदा रडायला तोंड उघडलं. घसा बसलाय, आवाज निघत नाही, नुसता लाल होतो. अशा रागाचं मला इतकं कौतुक कधी वाटलं नव्हतं. थायमस सगळी काढू नका, जमेल तेवढी ठेवा, अशी मी सर्जनबाईंना विनवणी केली होती. त्यांनी जवळजवळ अर्धी ठेवली. म्हणाल्या, छाती उघडली तर हृदयाआधी तीच दिसली, टपोरी, फिकट गुलाबी.

काढलेला तुकडा आमच्याकडे गेला. मी त्या दिवशी तिथं नव्हते, पण माझी सहकारी वर्षाली हिनं परवा फोटो पाठवला. काळ्या पडद्यावर असंख्य पेशी आणि मधेमधे हिरव्या उजळलेल्या थोड्या. माझ्या मुलाच्या नियंत्रक पेशी. सहा वर्षं ज्या मी परक्या मुलांच्या बघत आले, त्या. समाधानला दाखवल्या तर तो म्हणाला, "यातली कुठली माझ्याकडची, कुठली तुझ्याकडची?" मी म्हटलं, प्रत्येकीत दोघंही आहेत. वेगळं करता येत नाही. 

आता गेल्या शनिवारचं. तुम्ही येऊन गेलात हे मला त्या दिवशी कळलं होतं. वर आला नाहीत, निरोप ठेवला नाहीत, म्हणून मी मनातल्या मनात तुमच्याशी दोन दिवस भांडले. समाधान तेव्हा गप्प बसला. ऑपरेशन होईपर्यंत तुझ्या डोक्यात दुसरं काही घालायचं नव्हतं, असं म्हणाला, आणि आज सकाळी सगळं सांगितलं.

तो म्हणाला, रक्तपेढीच्या खिडकीपाशी तुमचा नंबर आला तेव्हा जयदीप तुमच्या कानाशी लागला. "आण्णा, ताईला काय कळतंय? आपलं रक्त आपल्याला कसं बाधंल? तिथं म्हना, कुनी न्हाई लागत. वळखीचा हाय म्हना. म्हंजी डायरेक पोराला लावत्याल." समाधान दोन हातांच्या अंतरावर उभा होता. तो म्हणतो, बोलायला तो एक पाऊल पुढेही आला होता. कारण तुम्ही 'कुणी नाही' म्हणालात तर तुमचं रक्त सुमेधला लागलं असतं. आणि तुमच्या तोंडी ते शब्द नवे नव्हते, तीन वर्षं गावात सगळ्यांना तुम्ही तेच तर सांगत होता.

खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "काका, पेशंटचे कोण लागता?"

समाधान म्हणतो, तुम्ही टोपी काढली, पुन्हा घातली. मग इतक्या मोठ्यानं बोललात की रांगेतल्या सगळ्यांनी वळून बघितलं.

"आजा हाय मी त्याचा. सख्खा. आईचा बाप."

ती म्हणाली, "मग तुमचं रक्त त्याला नाही देता येणार, काका."

तुम्ही म्हणालात, "म्हाईत हाय. पोरीनं सांगितलंय. ज्याला चालंल त्याला लावा. ज्येचं कुनाचं लेकरू असंल त्येला."

आणि मग बाही वर केलीत. तुमच्यामागे भावकीतल्या दहाही जणांनी नातं सांगितलं, कुणी मामा, कुणी चुलतआजा. त्या मुलीनं सगळ्यांना सुमेधसाठी बाद केलं आणि सगळ्यांचं रक्त घेतलं. सुमेधला कुणाचं लागलं ते आम्हाला कळणार नाही. विक्कीचं असेल, त्याच्या शिफ्टमधल्या बिहारच्या पोराचं असेल, आणखी कुणाचं. तुमचं कुणाला गेलं तेही कळणार नाही. पण या शहरात कुठेतरी कुणीतरी आज तुमच्या रक्तावर हिंडतंय, आणि त्यानं तुम्हाला गाव, घर, काही विचारलेलं नाही.

जाताना तुम्ही समाधानपाशी थांबलात म्हणे. नाव घेतलं नाहीत. "पोरगं दूध पितंय का?" एवढंच विचारलंत. तो हो म्हणाला. तुम्ही मान हलवून गेलात. तो मला हे सांगताना असा सांगत होता जसं कुणी त्याला शाल-श्रीफळ दिलंय.

आण्णा, मी रोज ओळख या गोष्टीवर काम करते. कोण आपलं, कोण परकं, कुठल्या निरोपानं राग वळतो, किती वेळात वळतो. पेशींमध्ये हे तासांत, दिवसांत घडतं आणि तरी मी थक्क होते. माणसाच्या बाबतीत त्याला तीन वर्षं लागली, तर मी तक्रार करणार नाही. मी थक्क आहे, एवढंच. माझ्या बापाला मी ओळखते असं मला वाटत होतं.

उद्या चार ते पाच भेटायची वेळ आहे. एका वेळी दोघांनाच सोडतात, म्हणून आईला घेऊन या. चप्पल बाहेर काढावी लागते, हात कोपरापर्यंत धुवायला लावतात, कुरकुर करू नका. दारावर एक बाई बसलेली असते, ती सगळ्यांना विचारते, पेशंटचे कोण लागता.

त्यांना तेच सांगा.

तुमची,
तेजू